जमिनीवरची होडी

मालवणच्या किनाऱ्यावर मोठी होडी पाण्यातून वर काढायची असली की माणसं लागतात. दोन-चार नव्हे, चांगली पंधरा-वीस. वाळूत ओंडके आडवे टाकतात, होडीच्या दोन्ही अंगांना खांदे लागतात, एक जण आरोळी देतो आणि बाकीचे एका दमात रेटतात. होडी हातभर सरकते. मागे सुटलेला ओंडका पोरं उचलतात, धावत पुढे आणून टाकतात, की पुन्हा आरोळी. आमच्यातला एक जण मूळचा तिकडचा. इथल्या मित्रमंडळींत तो 'मालवणी' याच नावाने ओळखला जातो. त्याच्याकडून हे वर्णन मी अनेकदा ऐकलंय, आणि शेवटी तो एक गोष्ट न चुकता जोडतो. ज्याच्याशी वर्षभर बोलणं बंद आहे, त्यालाही त्या दिवशी हाक मारावी लागते. आणि तो येतो. त्याचीही होडी असते ना.

टेक्सासात ही वीस माणसं दोन चाकांनी रद्द केली आहेत. लोखंडी सांगाडा, त्याला एक आस, दोन चाकं आणि पुढे पिकअपच्या गोळ्यावर बसणारी कडी, की झाला ट्रेलर. घाटाच्या उतारावर तो उलटा पाण्यात घालायचा. चाकं बुडाली की होडी आपसूक तरंगायला लागते. सराव असेल तर एकटा माणूस पाच मिनिटांत हे उरकतो. कोणाला हाक मारायला नको, कोणाचं देणं लागायला नको. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, प्लेनो, प्रॉस्पर या पट्ट्यात आम्ही मराठी माणसं जे आयुष्य उभं केलंय, त्याचा हा ट्रेलर म्हणजे चांगला नमुना आहे. सगळी सोय अशी केलेली की कोणाचं कोणावाचून अडू नये. एकमेकांना भेटतो ते ठरवून. तीन आठवडे आधी तारीख, कोणी काय करून आणायचं याची यादी, एक यजमान, बाकीचे पाहुणे. यजमानाचं अर्धं लक्ष जेवणात आणि पाहुण्यांचं घड्याळात.

होडीवर माणसाचा जीव असतो. आमच्या कॅप्टनचाही आहे. होडी त्याची म्हणून तो कॅप्टन; एरवी तो नागपूरचा आणि समुद्र त्याने पहिल्यांदा पाहिला तो इंजिनिअरिंगच्या सहलीत. होडी अॅल्युमिनियमची, साडेपाच मीटरची. तिला तो पॉलिश करतो, तिचं इंजिन वेळच्या वेळी दाखवून आणतो, मासे दाखवणाऱ्या पडद्याला मऊ फडक्याने पुसतो. ट्रेलरला मात्र कोणी पुसत नाही. वसाहतीचे नियम होडी दारात उभी करू देत नाहीत, म्हणून ती गावाबाहेर भाड्याच्या आवारात असते आणि तिच्याखाली ट्रेलर महिनोन् महिने उन्हात तापत राहतो.

खरं तर सर्वांत जास्त हाल त्याचेच. चाकाच्या मधोमध हब, हबच्या आत दोन बेअरिंगं, एक आतलं आणि एक बाहेरचं, ग्रीसमध्ये बुडवलेली. तासभर महामार्गावर धावून हब तापतो. तसाच तो घाटावर पाण्यात बुडतो. एकदम गार पडल्याने आतली हवा आकसते, आणि मागचं रबरी सील किंचित जरी झिजलेलं असलं तरी पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधासारखं पांढुरकं होतं. मग ट्रेलर पुन्हा महिने-महिने एका जागी उभा, आणि आत गंज चढतो. मोटारीच्या चाकावर हा प्रसंग जन्मात येत नाही. म्हणून तर माहीतगार लोक हबच्या तोंडाशी स्प्रिंगची टोपी बसवतात. ती ग्रीस दाबून ठेवते आणि पाण्याला आत शिरू देत नाही. कॅप्टनच्या ट्रेलरला या टोप्या होत्या. त्यांत ग्रीस भरायचं असतं, एवढं राहिलं होतं.

2024 साली आषाढ अमावस्या रविवारी आली, 4 ऑगस्टला. सोमवारपासून श्रावण. मालवणीच्या घरी श्रावण कडक पाळतात, टेक्सासातसुद्धा; महिनाभर मासळीचं नाव नाही. तेव्हा गटारी साजरी व्हायची ती रविवारी दुपारीच, आणि बाजारातल्या बर्फातल्या पापलेटावर ती साजरी करणं त्याला अपमानास्पद वाटत होतं. आम्ही शनिवारी रात्री टेक्सोमा तलावावर जायचं ठरवलं. तिथी दोन्ही बाजूंनी सोयीची होती. रात्री पाण्यात दिवे सोडून मासे धरायचे तर काळोख हवा. चांदणं असलं की उजेड सगळीकडेच पसरतो आणि दिव्यापाशी गर्दी होत नाही. चौथा गडी डॉक्टर, म्हणजे पीएचडीवाला, पुण्याचा आणि सात पिढ्यांचा शाकाहारी. गळ टाकायची हौस मात्र आमच्यात सर्वांत जास्त त्यालाच.

आम्ही निघालो ते प्रेस्टन रोडने. या भागातल्या मराठी माणसाचं निम्मं आयुष्य या रस्त्यावर जातं. किराणा, दंतवैद्य, मुलांचे क्लास, सगळं याच्यावरच. पण हा रस्ता ज्या गावाच्या नावाचा आहे ते प्रेस्टन कुठे आहे, हे विचारायचं कोणाला सुचत नाही. ते टेक्सोमाच्या तळाशी आहे. रेड नदीच्या उताराजवळचं ते गाव. एकेकाळी टेक्सासातली गुरं तिथून नदी ओलांडून उत्तरेला जात. डेनिसनचं धरण 1944 मध्ये पुरं झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. धरणाच्या कामावर जर्मन युद्धकैदीसुद्धा राबले होते.

सेलायना मागे पडलं, गंटर मागे पडलं, दोन्हीकडे कापणी झालेल्या गव्हाची रानं लागली. सूर्य अजून बराच वर होता आणि ऊन जायचं नाव घेत नव्हतं. एवढ्यात मागच्या सीटवरून मालवणी ओरडला, "अरे, गाडी बाजूक घे! माका वास येता."

जळक्या ग्रीसचा वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. कॅप्टनने रस्त्याच्या कडेला गाडी घेतली. ट्रेलरचं उजवं चाक वरून आत कललेलं, त्याच्या आतल्या अंगावर काळ्या ग्रीसचे फवारे, आणि हबमधून बारीक निळसर धूर. डॉक्टरने बाटलीतलं पाणी शिंपडलं तर चुर्र झालं. "अजून दोन मैल गेलो असतो तर चाक आपल्याआधी तलावावर पोचलं असतं," असं तो म्हणाला. कोणी हसलं नाही.

बिघाड दुरुस्त करता येण्यासारखा होता. कॅप्टनच्या होडीतल्या पेटीत बेअरिंगचा नवा संच होता. सील, स्प्लिट पिन, सगळं पाकीटबंद. सामान घ्यायचं आणि वापरायचं नाही, ही आमची सर्वांचीच रीत आहे. पण ग्रीस नव्हतं, छिन्नी नव्हती, आणि पिकअपचा जॅक ट्रेलरच्या आसापर्यंत पोचत नव्हता. शेताच्या कुंपणालगत पडलेली चपटी फळी मिळाली, तिच्यावर जॅक चढवला. ट्रेलर पिकअपला जोडलेलाच ठेवावा लागतो, नाही तर उचलताना होडी कलंडायची भीती. म्हणजे गाडी घेऊन शर्मनला दुकानात जाणंही बंद.

चाक काढलं, टोपी काढली, नट सोडला. हब हिसका देऊन ओढला तेव्हा बाहेरच्या बेअरिंगच्या लाटण्या एकेक करून मातीत सांडल्या. आतल्या बेअरिंगची आतली कडी मात्र उष्णतेने आसाच्या टोकाला चिकटून बसली होती. मालवणीने ती फडक्यात धरून पिळून पाहिली, स्क्रूड्रायव्हरने उचकटून पाहिली. हलेना.

अमेरिकेत बघे नसतात असा माझा समज होता. अपघात झाला की आपल्याकडे जसे चार लोक हात मागे बांधून उभे राहतात आणि डाव्या-उजव्या सूचना देतात, ते इथे दिसत नाही. लोक नव्वदच्या वेगाने शेजारून जातात. पण थोड्या वेळाने एक जुनाट पिकअप थांबला आणि त्यातून ऐंशीच्या घरातले एक शेतकरी आजोबा उतरले. हब बघितला, आस बघितला, आमचे चेहरे बघितले. म्हणाले, "ग्रीस नव्हतं वाटतं." आणि गाडीत बसून निघून गेले. अर्ध्या तासाने परत आले ते ग्रीसचा डबा, छिन्नी, मोठा हातोडा आणि घडीची खुर्ची घेऊन. हत्यारं आमच्या हवाली केली, गाडीचे दिवे आमच्यावर लावले आणि खुर्ची उलगडून बसले. पुढचे दोन तास त्यांनी कशालाही हात लावला नाही. सूचना मात्र सगळ्या दिल्या.

कडी छिन्नीने फोडावी लागते. आसाला ओरखडा जाऊ द्यायचा नाही आणि कडीला तडा तर गेला पाहिजे. मालवणी मांडी ठोकून बसला आणि टक, टक, टक करत एकाच जागी मारत राहिला. आजोबा म्हणाले, "जोरात नको. राग काढू नकोस." घाम त्याच्या कोपरांवरून गळत होता. शेवटी बारीक 'टिक्' असा आवाज झाला आणि कडी सैल पडली. नंतर बेअरिंगमध्ये ग्रीस भरण्याचं काम माझ्याकडे आलं. डाव्या तळव्यावर लिंबाएवढा गोळा घ्यायचा, उजव्या हाताने बेअरिंगची कड त्याच्यात दाबत ओढायची. पुन्हा दाबायची, पुन्हा ओढायची. पहिल्यांदा काहीच होत नाही. मग लाटण्यांच्या फटींतून दुसऱ्या बाजूला ग्रीसच्या बारीक कळ्या वर येतात; त्या आल्या की बेअरिंग जरा फिरवायचं आणि पुढची जागा घ्यायची. पूर्ण फेरी झाल्याशिवाय थांबायचं नाही. ऑफिसातल्या कुठल्याही कामात 'झालं' हे इतकं स्पष्ट दिसत नाही.

मध्येच अंधार पडला. डबे उघडले गेले. तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, दहीभात. खायला बसायला जागा नव्हती, वाढायला कोणी नव्हतं, हात काळे होते म्हणून डॉक्टरने मालवणीला आणि मला भरवलं. आजोबांनी पुरी चटणी लावून खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, आणि आणखी एक मागितली. इतक्या वर्षांत आमच्या कुठल्याही जेवणावळीत मी कॅप्टनला वीस मिनिटं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. त्या रात्री तो बोलला. नोकरी सहा महिन्यांपूर्वी गेलेली, घरी सांगितलेलं, बाहेर नाही; भाड्याच्या आवाराचे पैसे थकलेले, म्हणून होडी विकायचा विचार चाललेला. रस्त्याच्या कडेला यजमान कोणी नसतो, त्यामुळे चेहरा सांभाळायचं कामही कोणाकडे नसतं. आम्ही सल्ला दिला नाही. मालवणी फक्त म्हणाला, "विकूची तर चाक बसवन् वीक," आणि नट पिळायला लागला.

तोही एक हिशेब असतो. हब फिरवत फिरवत नट घट्ट करायचा म्हणजे बेअरिंग जागेवर बसतं, मग थोडा सैल सोडायचा, आणि खाच जिथे भोकासमोर येईल तिथे पिन घालून टोकं वळवायची. फार आवळला तर तापतो, सैल ठेवला तर डुगडुगतो. आजोबांनी खुर्चीतूनच हाताने चाक फिरवल्यासारखं करून दाखवलं आणि मान डोलावली.

जाता जाता त्यांनी विचारलं, कुठे निघालात. टेक्सोमा म्हटल्यावर ते सांगायला लागले: त्यांची आई हॅगरमनची. ते गावही तलावासाठी उठलं. तिथे आता पक्ष्यांचं अभयारण्य आहे. मी म्हटलं, माझं आजोळही उजनीच्या पाण्यात गेलं. दुष्काळ पडला की पाणी उतरतं आणि पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, लोक बघायला जातात. आजोबांनी जरा विचार केला. मला वाटलं, आता ते काही खोल बोलणार. त्यांनी विचारलं, "मग तिथे मासे मिळतात का?" मिळतात म्हटलं. चिलापी. त्यांना चिलापी फारशी पसंत दिसली नाही.

घाटावर पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. आणि तिथे मालवणीने अडवलं. हब गार होईपर्यंत पाण्यात घालायचा नाही. कॅप्टन वैतागला, रात्र संपत आली म्हणाला, पण त्याच चुकीने तर इथवर आणलं होतं. दर पाच मिनिटांनी कोणी तरी वाकून हबवर तळवा ठेवत होतं. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं आणि होडी पाण्यात गेली.

तलाव तीनशे चौरस किलोमीटरहून मोठा आहे, पण रात्री त्याचा अंदाज येत नाही. एका खाडीत नांगर टाकून हिरवा दिवा पाण्यात सोडला. पुढचं सगळं क्रमाने होतं आणि त्यात घाई चालत नाही. आधी उजेडात बारीक जीव जमतात, इतके बारीक की पाणी गढूळ झाल्यासारखं वाटतं. त्यांच्यामागे शॅड हे चंदेरी छोटे मासे येतात आणि दिव्याभोवती रिंगण धरतात. त्यांच्याखाली, उजेडाच्या कडेला, मोठ्या सावल्या. त्या पट्टेदार बासच्या.

हा मासा मुळात समुद्राचा, अटलांटिकच्या किनाऱ्याचा. अंडी घालायला नद्यांत चढतो. साउथ कॅरोलायनात 1941 मध्ये एका धरणाने काही मासे आत अडकले आणि समुद्राशिवायही त्यांची वीण चालू राहिली, तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की हा गोड्या पाण्यात संसार करू शकतो. टेक्सोमात तो 1965 पासून सोडला. बहुतेक तलावांत दर वर्षी नवी पिल्लं सोडावी लागतात, इथे नाही. याची अंडी वाहत्या पाण्यात दोनेक दिवस तरंगत राहावी लागतात, तळाला बसली की मरतात. रेड आणि वॉशिटा या नद्यांचा प्रवाह तेवढा लांब आहे. डॉक्टरला हे सगळं पाठ होतं. आपलं मूळ सोडून परक्या पाण्यात रुजणं वगैरे तो बोलायला लागला, तेव्हा मालवणीने त्याला मध्येच तोडलं. "मासो तो. तेका कसला ग्रीन कार्ड!"

पहिला मोठा मासा लागला तो डॉक्टरलाच. चांगला बावीस इंचांचा. वीस इंचांवरचे दोनच ठेवता येतात, पण तो प्रश्न नव्हता. डॉक्टरला तो सोडून द्यायचा होता. नेहमी सोडतो तसा. मालवणीने त्याचा हात धरला. ऑगस्टमध्ये वरचं पाणी इतकं तापलेलं असतं की खोलातून ओढून आणलेला हा मासा सोडला तरी बहुधा वाचत नाही. पोट वर करून कुठे तरी तरंगत राहतो. हे खरं आहे. सोडून देण्यातलं पुण्य फार वेळा पकडणाऱ्याच्या समाधानापुरतं असतं, असं मला वाटतं, आणि उन्हाळ्यात तर नक्कीच. मासा बर्फात गेला. डॉक्टरने गळ आवरून ठेवला आणि उरलेली रात्र जाळी धरून दुसऱ्यांचे मासे वर घ्यायचं काम केलं. ते त्याला चालत होतं. असे हिशेब प्रत्येकाचे आपापले असतात.

दोन-अडीच तासच मिळाले. फुटलं तांबडं, दिवा फिका पडला, मासे खोल गेले. घाटावर होडीच्या तळातलं सगळं पाणी सोडून दिलं. झेब्रा शिंपले टेक्सासात पहिल्यांदा याच तलावात सापडले, 2009 मध्ये, आणि तलावाचं पाणी होडीतून दुसरीकडे नेणं कायद्याने बंद आहे. परतीच्या वाटेवर कॅप्टनने तीनदा गाडी थांबवून हबवर हात ठेवला.

रविवारी दुपारी मालवणीच्या घरी पंगत बसली. या माशाच्या कुशीला लाल मांसाची पट्टी असते, ती उग्र लागते. ती त्याने नेमकी काढली. मग आगळ, तिरफळं, नारळाचा रस. त्याची बायको म्हणाली, सुरमईची सर नाही. तो म्हणाला, नाही. आणि तिसऱ्यांदा भात घेतला.

सोमवारी सकाळी ग्रुपवर त्याचा मेसेज आला: दुसऱ्या चाकाचं काय? बेअरिंग त्याचंही तितकंच जुनं. पुढच्या शनिवारी भाड्याच्या आवारात, भर उन्हात, आम्ही चौघं पुन्हा मांड्या ठोकून बसलो. डबे उपासाचे होते. हब उघडला तर ग्रीस तसंच, दुधाळ. काम संपल्यावर लक्षात आलं की आजोबांचा हातोडा पिकअपमध्येच राहिलाय. गंटरच्या पुढे जाऊन चौकशी करत घर शोधलं. हातोडा परत दिला, सोबत तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. आजोबांनी डबा आत ठेवला, खुर्ची बाहेर काढून सावलीत मांडली आणि गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या गुरांच्या ट्रेलरकडे बोट दाखवलं. त्याचं मागचं डावं चाक वसंतापासून आवाज करत होतं म्हणे. मालवणीने शर्टाच्या बाह्या वर केल्या.